ह्यांचा घाटावरचा स्पीकर

मागच्या रविवारी ह्यांचा स्पीकर विकला. नारायणगावात, एसटी स्टँडजवळच्या एका रसवंतीत बसून... तिथं जे झालं ते अजून मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे हे यात्रांमध्ये बैलगाड्यांच्या घाटावर, म्हणजे शर्यतीचे गाडे पळतात तिथं, पुकारायचे. कुणाची बारी आली, कुणाचे बैल जुंपायचे राहिले, कुणाची चप्पल हरवली... सगळं ह्यांच्या तोंडून गावाला कळायचं. हँडल धरून ओढायचा, चाकं लावलेला तो मोठा स्पीकर आणि माईक, एवढीच ह्यांची हौस.

हे गेल्यापासून तो कपाटाशेजारी उभा होता. मी रोज पुसायचे, पण चालू करायचा धीर कधी झाला नाही. मध्यंतरी घरी आलेला दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, नुसता ठेवला तर बॅटरी मरंल." ते ऐकून वाईट वाटलं. बोलण्यासाठी केलेली वस्तू कोपऱ्यात मुकी मरू नये, एवढंच मनात आलं.

मुलगी चाकणला असते. तिनं ऑनलाइन जाहिरात टाकून दिली आणि मला बजावून ठेवलं... पत्ता द्यायचा नाही, घरी कुणाला बोलवायचं नाही, भेटायचं ते दिवसा आणि चार माणसांत. पैसे जमा झालेले स्वतः आपल्या खात्यात बघायचे, समोरच्याच्या मोबाईलवर नाही. मगच वस्तू सोडायची.

पहिलाच फोन आला तो गोड गोड हिंदीत. वस्तू न बघताच साहेब पैसे द्यायला तयार! म्हणे मी कोड पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात.

माझी शाळा सातवीत सुटली, पण पेपर मी शेवटच्या पानापर्यंत वाचते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला ठाऊक होतं. मी मराठीतच विचारलं, "भाऊ, दूध घालायला येणाऱ्याला कुणी तिजोरीची किल्ली देतं का?" त्यांनी फोन ठेवला, मी नंबर ब्लॉक केला.

दुसरा फोन लोणीहून आला. "ताई, आमी दोघं नवरा-बायको येतो. चालवून बघतो, पटला तर नेतो." ते 'चालवून बघतो' मला आवडलं. ज्याला खरंच घ्यायचंय तो वस्तू बघतोच.

रसवंतीत दोघं माझ्या आधी येऊन बसले होते. भाऊ चाळिशीचे, लग्नात पुकारायला नुकतीच सुरुवात केलेली. वहिनींच्या पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती. जुनं असलं म्हणून काय झालं, घरात यंत्र येणार म्हटल्यावर नारळ हवाच.

भाऊंनी मला विचारून बटण दाबलं...

आणि माझी चूक तिथं कळली. जुना फोन विकताना आतलं कार्ड काढून ठेवतात, हे मला माहीत होतं. स्पीकरच्या पाठीमागेही तसलंच नखाएवढं कार्ड असतं, हे ध्यानातच आलं नव्हतं. आणि आमचे हे घाटावर असताना रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवायचे...

"ऐका, ऐका! निळ्या शर्टाचं एक पोरगं स्टेजपाशी आलंय. नाव सांगत न्हाई, रडत बी न्हाई, केळं खातंय. ज्याचं आसंल त्यानं वळख पटवावी आन् घेऊन जावं!"

शेजारच्या बाकावरची बाई उठून खरंच पोरगं शोधायला लागली. रसवाल्यानं यंत्र थांबवलं, त्याची घुंगरं थांबली. एवढ्या माणसांत ह्यांचा आवाज... तोही तसाच, हसू दाबलेला.

भाऊंनी स्पीकर बंद केला. कुणाचा आवाज, हे त्यांना माझ्याकडे बघूनच कळलं असावं. माझा हात हँडलवर घट्ट बसला होता. एवढं मनात आलं, की नको, विकायचा नाही, ह्यांचा आवाज ह्यातच आहे...

वहिनी हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "आवो, त्यान्ला न्हाई द्यायचा. चला, जाऊ आपुन. रस तेवढा पिऊन जाऊ, सांगितलाय मघाशी."

स्पीकरच्या मागं वाकून भाऊंनी नखानं ते कार्ड बाहेर काढलं आणि तळहातावर माझ्यापुढं धरलं. अगदी सावकाश म्हणाले, "ताई, वळख पटवावी आन् घेऊन जावं."

मी हसले की रडले, ते मला सांगता येणार नाही. कशीबशी म्हणाले, "त्या पोराला केळं मीच दिलं होतं."

"पटली," भाऊ म्हणाले, आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं.

मग मी हँडल सोडलं. पैसे माझ्या मोबाईलवर बघून घेतले, लेकीनं बजावलं होतं तसंच... भाऊच म्हणाले, "बघा, नीट बघा, आमी थांबतो." वहिनींनी रसवंतीच्या पायरीवर नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

कार्ड आता घरी डबीत आहे. लेकीला म्हटलंय, सुट्टीला आलीस की दोघी मिळून ऐकू. तोवर घाई नाही.

तुम्हीही काही विकणार असाल तर मागची खाच, कप्पा, सगळं एकदा तपासून घ्या. अनोळखी माणसाशी जपून वागा. पण सगळेच अनोळखी सारखे नसतात, हे मला लोणीच्या त्या दोघांनी दाखवलं. त्यांच्या गावच्या यात्रेला त्यांनी बोलावलंय. स्पीकर बोलताना ऐकायला मी जाणार आहे... पिशवीत केळी घेऊन.