मिरचीची ओळ

हिरव्या मिरचीचा वास आला की केदारखेड्याचं आमचं शेत आठवतं. धाकटीच्या जन्मानंतर मी दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. बाळालाही जवळ घ्यावंसं वाटेना. हा आजार असतो, त्यावर औषध असतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका सकाळी थोरल्या जाऊबाईंनी हात धरला. "चल, एकच ओळ मिरची तोडू."

मग रोज एक ओळ. बाराव्या दिवशी पानांवरचं दव उन्हात लखलखताना दिसलं आणि मी रडतच बघत राहिले.

"तुम्हाला कसं कळलं, जाऊबाई?"

"माझं बी असंच झाल्तं. मला उठवाया मात्र कोणी आल्तं न्हाई."

त्या एकट्या कशा उठल्या असतील, याचं मला आजही नवल वाटतं.