आप्पा उत्तराला उभे राहिले की

मंत्र्याच्या ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाकडे रिटायर झाल्यावर दोनच गोष्टी उरतात, ॲसिडिटी आणि किस्से. ॲसिडिटी गोळीनं जाते. किस्से मात्र साठत राहतात, कारण ते घडत असताना हसायला सवडच नसते! नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी आमचा फिरायचा ग्रुप आहे. त्यातलं कुणीतरी म्हणतंच, "बाई, आप्पांचा एखादा होऊन जाऊ द्या." मग काय, एकाचे चार होतात.

आप्पा म्हणजे कामगार खात्याचे आमचे राज्यमंत्री. मूळचे सातपूरच्या एका कारखान्यातले फिटर. युनियन, नगरसेवक, आमदार असं करत मंत्री झाले. विधानसभेतल्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्या हातात वेळेवर ठेवणं हे माझं काम. नव्वदचं दशक संपत आलेलं, मंदी आलेली, आणि सातपूरला एकेक कंपनी गेटला कुलूप लावत होती. त्यावरून सभागृहात रोज भडिमार. आणि भडिमार करणारे कोण? विरोधी बाकावरचे रंगनाथराव! आप्पांच्याच कारखान्यात, आप्पांच्याच शिफ्टला काम केलेले. एका युनियनमधून निघून दोघं दोन पक्षांत गेले. बाहेर "काय रं रंग्या" आणि "बोल आप्पा". आत मात्र रंगनाथराव उभे राहिले की आप्पांचा हात रुमालाकडे जायचा.

*

पहिल्याच अधिवेशनातली गोष्ट. खात्याकडून उत्तरं छापून येतात. प्रश्न होता, कारखाने बंद पडत आहेत हे खरे आहे काय? उत्तर, "हे अंशतः खरे आहे." पुढचा प्रश्न, असल्यास, घरी बसलेल्या कामगारांसाठी शासनाने काय केले? उत्तर, "प्रश्न उद्भवत नाही."

आप्पांनी सरळ वाचून टाकलं. रंगनाथराव उठले ते लालबुंद होऊनच. "अध्यक्ष महोदय, ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरी जाऊन मंत्र्यांनी सांगावं, की तुमचा प्रश्न उद्भवत नाही! माझ्यासोबत चला, आजच चला!"

दहा मिनिटं कुणाचंच काही ऐकू येईना. बाहेर आल्यावर आप्पांचा आवाज बसलेला. मला म्हणाले, "बाई, हे वाक्य माझ्या तोंडात पुन्हा घालायचं नाय. खात्याला कडक लिहा."

मी कडक लिहिलं. पुढच्या आठवड्यात सुधारित उत्तर आलं, "प्रश्न निर्माण होत नाही."

*

एकदा रंगनाथरावांनी अडचणीचा उपप्रश्न टाकला. उपप्रश्नाचं उत्तर छापलेलं नसतं, मंत्र्यानं उभ्या उभ्या द्यायचं असतं. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून घाईघाईनं चिठ्ठी पाठवली. आप्पांनी उघडली, लांब धरली, जवळ धरली. चष्मा गाडीत राहिलेला! सगळं सभागृह त्यांच्याकडे बघतंय, समोरून "उत्तर द्या, उत्तर द्या" चाललंय.

शेवटी आप्पा म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मला लांबचं सगळं स्पष्ट दिसतं. जवळचं तेवढं दिसत नाही."

रंगनाथराव बसल्या जागेवरून ओरडले, "तेच तर आम्ही सांगतोय!"

*

शनिवार-रविवार आप्पा नाशिकला यायचे. पण मतदारसंघात विसावा कसला? एका रविवारी बंद पडलेल्या कंपनीचे शंभरेक कामगार बंगल्यासमोर येऊन बसले. "राज्यमंत्री मुर्दाबाद!" पोलीस आले. इन्स्पेक्टर विचारत होता, उचलू का? आप्पा म्हणाले, "हात लावायचा नाय कुणाला." पण बाहेर जायचा त्यांनाही धीर होईना. ओळखीचे चेहरे होते ना सगळे! पडद्याच्या फटीतून बघायचे आणि परत येऊन बसायचे.

वहिनींना, म्हणजे आप्पांच्या मिसेसना, हे बघवेना. त्यांनी चहाचं मोठं पातेलं चढवलं आणि स्वतः फाटक उघडून बाहेर गेल्या. घोषणा थांबल्या. सगळ्यांनी गपचूप चहा घेतला. कप परत आले. आता करायचं काय, हे कुणालाच कळेना. ज्यांच्या घरचा चहा प्यायला त्यांनाच मुर्दाबाद कसं म्हणायचं?

वहिनी म्हणाल्या, "झाला का चहा? मग आता जरा जोरात होऊ द्या. ते मागच्या खोलीत बसलेत, तिथं ऐकू जात नाही."

*

पावसाळी अधिवेशन. सकाळच्या गाडीनं आम्ही नाशिकरोडहून मुंबईला निघालो आणि इगतपुरीला गाडी अडकली. घाटात दरड कोसळलेली. अकरा वाजता सभागृहात आप्पांचा पहिल्या नंबरचा प्रश्न! आप्पा पावसात भिजत स्टेशन मास्तरच्या खोलीत फोन करायला गेले, तर फोनला चिकटून कोण उभं? रंगनाथराव! तेही त्याच गाडीत. लाईन बंद.

"उद्या पेपरात येईल, मंत्री पळाले," रंगनाथराव म्हणाले.

"आणि खाली येईल, विचारणारा पण पळाला," आप्पा म्हणाले.

रंगनाथरावांना ते झोंबलं. "पळालो नाही. प्लॅटफॉर्मवर ये. इथंच विचारतो, इथंच उत्तर दे!"

आणि खरंच, इगतपुरीच्या प्लॅटफॉर्मवर चहाच्या स्टॉलशेजारी प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला! आधी गंमत म्हणून, मग आवाज चढले. शिफ्टच्या, युनियनच्या जुन्या गोष्टी निघाल्या. भोवती ही गर्दी. मी आप्पांची बाही ओढत होते.

तेवढ्यात गर्दीतला एक जण पुढे आला. सातपूरचाच टर्नर, मुंबईला नोकरीच्या इंटरव्ह्यूला निघालेला. म्हणाला, "साहेब, माझा इंटरव्ह्यू गेला आज. आता घरी जाऊन काय सांगू?"

सुचेनासं झालं की सभागृहात म्हणायचं एक ठरलेलं वाक्य असतं, तेच सवयीनं आप्पांच्या तोंडातून गेलं. "यासाठी वेगळी नोटीस द्यावी लागेल."

"नोटीस?" तो म्हणाला. "ती कंपनीनं दिली ना साहेब! म्हणून तर इथं उभा आहे."

पुढचा सगळा वेळ दोघेही नेते एका बाकावर बसून होते.

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

प्रश्न त्या दोघांच्या जुन्या कारखान्याचा होता. "सदर कारखाना बंद करण्यास शासनाने परवानगी दिली आहे, हे खरे आहे काय?" छापील उत्तर एका शब्दाचं, "नाही." उत्तर लिहिलं तेव्हा ते खरंही होतं. पण आदल्या संध्याकाळी वरून निरोप आला आणि परवानगीच्या कागदावर आप्पांना सही करावी लागली.

सकाळी खात्याचे सचिव येऊन म्हणाले, "सर, ऑर्डर सोमवारी निघेल. आज उत्तर 'नाही' हेच आहे. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे."

ते गेल्यावर आप्पांनी मला विचारलं, "बाई, तांत्रिकदृष्ट्या म्हंजे काय हो?"

समोरचे पोहे तसेच राहिले.

वर प्रेक्षकांच्या गॅलरीत सातपूरची माणसं आली होती. इस्त्रीचे शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसलेली. रंगनाथरावांनी प्रश्न मांडला. आप्पा उठले. "अध्यक्ष महोदय, नाही." खाली बसले.

रंगनाथरावांना कुठून तरी कुणकुण लागली असावी. ते सावकाश उठले. नेहमीसारखे ओरडले नाहीत. "मंत्रिमहोदय नक्की सांगताहेत? काल संध्याकाळी काहीच झालं नाही?"

सचिवांनी माझ्या शेजारून चिठ्ठी पाठवली, "नाही म्हणा. बसा." आप्पांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि वर प्रेक्षकांच्या गॅलरीकडे बघितलं.

"अध्यक्ष महोदय, छापलेलं उत्तर खरं नाही. परवानगी काल दिली. सही माझी आहे."

मग विरोधी बाकांवर स्फोट झाला! "राजीनामा द्या!" आमदार धावत पुढच्या मोकळ्या जागेत उतरले, कागद उडाले. आप्पांच्या बाजूचे लोक खाली माना घालून बसले, एकही त्यांच्यासाठी उठला नाही. आप्पा माइक धरून उभेच. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

रंगनाथराव मागे वळले आणि आपल्याच माणसांवर गरजले, "बसा रे! आधी खाली बसा सगळे!"

हळूहळू शांत झालं. अध्यक्ष म्हणाले, "रंगनाथराव, तुमचा पुढचा उपप्रश्न?"

रंगनाथरावांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. ते आप्पांकडे बघत राहिले.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "मंत्र्यांना आधी पाणी द्या."