पिवळ्यावर थांबणारा माणूस

लॅडी कोस्टिच्काने सत्तावीस वर्षं दुधाचा ट्रक चालवला आणि त्या सत्तावीस वर्षांत पिवळा दिवा एकदाही ओलांडला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच्या ट्रकमागे अडकलेल्या आमच्या निम्म्या मॅनिटोवॉक गावाने त्याला त्यासाठी शिव्या घातल्या आहेत, आणि त्यात मीही आहे. दिवा पिवळा झाला की लॅडीचा पाय ब्रेकवर पडलाच. मागचा हॉर्न वाजवून वाजवून दमायचा. लॅडी आरशात बघून हात हलवायचा, जणू कुणी ओळखीचं भेटलंय.

कुणी विचारलंच तर म्हणायचा, "पिवळा म्हणजे थांब. लाल म्हणजे, मघाशीच का नाही थांबलास?"

मी मार्लीन. त्याच कंपनीच्या ऑफिसात बावीस वर्षं बसते आहे. कुठला ट्रक कुठे पोचला, कुणाचं लोणी कमी आलं, कुणाचा टायर बसला, हे सगळं माझ्या टेबलावर येतं. बारा ड्रायव्हर, आणि बाराही जण बायकोशी बोलणार नाहीत इतकं माझ्याशी बोलतात, बहुतेक तक्रारीचंच. लॅडी तक्रार करायचा नाही. उंच, जरासा वाकलेला, हिवाळाभर लाल कानांचा माणूस. बायको अर्डिस त्याला सुक्या प्लमचं सारण भरलेले 'कोलाचे' नावाचे गोड पाव डब्यात घालून द्यायची. ते त्याच्याशिवाय कुणाला आवडायचे नाहीत, तरी रोज एक माझ्या टेबलावर ठेवून जायचा आणि मी रोज तो कचऱ्यात टाकायचे. त्याला ते माहीत असणार, असं मला आता वाटतं.

त्याचा रस्ता म्हणजे चार शाळा, सपर क्लब म्हणतात तशी रात्रीच्या जेवणाची दोन हॉटेलं, म्हाताऱ्यांचं एक निवासस्थान आणि सरोवराच्या काठची सात-आठ लहान दुकानं. कुठल्या स्वयंपाकघराचं मागचं दार जानेवारीत गोठतं आणि कुठे लाथ मारली की उघडतं, हे त्याला पाठ होतं. पूर्वेकडच्या शाळेत बर्नीस नावाची बाई जेवण रांधायची. तिचे गुडघे गेलेले, म्हणून लॅडी दुधाचे क्रेट दारात न ठेवता स्वतः फ्रिजमध्ये रचून द्यायचा. हे एकोणीस वर्षं चाललं. ती निवृत्त झाली तेव्हा तिने शाळेच्या माईकवरून दोनच माणसांचे आभार मानले, एक देव आणि दुसरा लॅडी. मुख्याध्यापक तोंड पाडून बसले होते.

एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, मनगट मोडलं म्हणून लॅडीला एक हिवाळा आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काढावा लागला होता. खोकी मोजायची, चिकटपट्ट्या लावायच्या, इतकंच काम. अर्डिस मला म्हणाली होती, "अगं, घरी येतो, सूप पितो आणि कोट न काढता खुर्चीत बसून राहतो. विचारलं तर म्हणतो, तिथे खिडकी नाही, दिवस गेल्याचं कळत नाही." मनगट बरं झालं आणि तो पुन्हा ट्रकवर बसला त्या दिवशी तिने ऑफिसात केक पाठवला. त्या केकवरून मला कळलं की या माणसाला ट्रक म्हणजे काय आहे ते.

मग डबा आला. आमच्या मालकाचा जावई ट्रेव्हर शिकागोहून आला आणि त्याने येताना टेलिमॅटिक्स आणलं. हा शब्द तो एकटाच म्हणायचा. आम्ही सगळे डबा म्हणायचो, कारण होता तो डबाच, स्टिअरिंगच्या खाली बसवलेला. ट्रक किती वेगात आहे, उभा राहून किती डिझेल जाळतोय, वळण कसं घेतलं, ब्रेक किती जोरात मारला, सगळं तो माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाठवायचा. जोरात ब्रेक मारला की एक लाल खूण. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक ड्रायव्हरला शंभरपैकी गुण, आणि सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनशेजारी कागद. तो कागद मी छापायचे.

बाकीचे अकरा नव्वदीच्या आसपास. लॅडी एकसष्ट.

"लॅडी, शाळेत दूध पोचवतोस की लोणी?" कुणीतरी म्हणायचं. "इतके झटके म्हणजे वाटेतच घुसळून निघत असेल."

"लोणी असतं तर जास्त भाव घेतला असता," तो म्हणायचा आणि कॉफी घेऊन बाहेर जायचा. पण बाहेर जाऊन प्यायला लागला होता. आधी आत बसून प्यायचा.

नोव्हेंबरात ट्रेव्हरने नियम काढला. सलग तीन महिने पंचाहत्तरच्या खाली असेल त्याने गाडीवरून उतरायचं आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जायचं. मी ट्रेव्हरला म्हटलं, या माणसाने सत्तावीस वर्षांत कुणाच्या गाडीला ओरखडा काढलेला नाही. ट्रेव्हर वाईट नाही, पण त्याला वाटतं की जे पडद्यावर दिसत नाही ते घडतच नाही. म्हणाला, "मार्लीन, सत्तावीस वर्षं त्याचं नशीब चांगलं होतं. नशीब मोजता येत नाही, ब्रेक मोजता येतो."

मला राग आला, पण मी रागाचं काहीच केलं नाही. लॅडीला वाचवायचं मी मनावर घेतलं, आणि आजवर मनावर घेतलेलं दुसरं काहीही मला इतकं महाग पडलेलं नाही.

डिसेंबरच्या एका दुपारी मी त्याला माझ्या पडद्यासमोर बसवलं. "हे बघ. या सगळ्या लाल खुणा सिग्नलला आहेत."

"मग? सिग्नलला थांबायचंच असतं."

"थांब ना, पण हळू थांब."

"अचानक पिवळा झाला तर हळू कसं थांबणार? भरलेला ट्रक आहे बाई, सायकल नाही."

"मग थांबू नकोस. इतका जवळ असशील तर निघून जा. पिवळ्यावर जाणं कायद्यात बसतं. आणि पिवळ्यावरून गेलास तर खूण पडत नाही."

त्याने पडद्यावरच्या एका लाल खुणेवर बोट ठेवलं. "हे तू सांगतेस की डबा?"

"डबा," मी म्हटलं.

खोटं होतं ते. डब्याने असं कधीच सांगितलं नव्हतं. डबा फक्त मोजत होता. अर्थ आम्ही काढला होता. बाकीचे अकराही जण पहिल्या महिन्याभरातच हे शिकले होते, कुणी कुणाला न सांगता. आमच्या गावात त्या वर्षी दुधाचे, ब्रेडचे, बिअरचे सगळे ट्रक पिवळ्यावरून भरधाव जायला लागले होते आणि सगळ्यांचे गुण सुंदर होते. मला ते दिसत होतं. दिसत असूनही मी लॅडीला तेच शिकवलं.

शिकवणंही सोपं गेलं नाही. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर आम्ही माझ्या गाडीतून निघायचो, लॅडी चालवायला, मी शेजारी, अर्डिस मागे. दिवा पिवळा झाला की मी म्हणायचे "जा", मागून अर्डिस म्हणायची "अहो, जा ना", आणि लॅडी ब्रेक दाबून बसायचा. आम्ही तिघंही हसायचो. "पाय ऐकत नाही," तो म्हणायचा. "पायाला तू सांग, मार्लीन. त्याला इंग्रजी येत नाही, तो अजून आजोबांच्या बोहेमियातला आहे, चेकच बोलतो." चौथ्या रविवारी तो एकदाचा निघून गेला, आणि पलीकडे जाऊन गाडी कडेला घेतली. त्याच्या कपाळावर घाम होता. अर्डिसने मागून टाळ्या वाजवल्या.

जानेवारीच्या अखेरीस त्याचे गुण झाले अठ्ठ्याहत्तर. मग चौऱ्याऐंशी. फेब्रुवारीत एक सोमवार असा आला की कागदावर त्याच्या खाली तीन नावं होती. त्या शुक्रवारी संध्याकाळी तळलेल्या माशांच्या जेवणाला त्याने मला ब्रँडी पाजली आणि ग्लास उचलून म्हणाला, "कोल्ड स्टोरेजची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या." मी खूश होते. कुणासाठी तरी काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं, आणि ते या नोकरीत फारसं वाटत नाही.

मार्चमधला मंगळवार. बर्फ वितळत होतं, रस्ते काळे आणि ओले, आभाळ खाली उतरलेलं. सकाळी दहा बेचाळीसला माझ्या पडद्यावर लॅडीच्या ट्रकची लाल खूण पडली. नऊ आठवड्यांतली पहिली.

मला चीड आली. इतकी मेहनत केलेली. मी लगेच त्याच्या ट्रकमध्ये डब्याला जोडलेल्या छोट्या पडद्यावर निरोप टाकला: "लॅडी, काय हे? नऊ आठवडे वाया घालवलेस. सोमवारी कागदावर येणार आता."

उत्तर आलं नाही. पंधरा मिनिटांनी फोन आला तो एका पोलिसाचा. तरुण आवाज होता. त्याने सांगितलं ते मी नीट ऐकलंही नाही, अपघात, बाई, रुग्णवाहिका, असे शब्द तेवढे आठवतात. शेवटी तो म्हणाला, "आणखी एक. ट्रकमधला पडदा सारखा वाजतोय. तुमचा निरोप आहे त्यावर. 'निरोप वाचला' असं बटण दाबल्याशिवाय बंद होत नाही म्हणे. मी दाबू का? तुमचा माणूस नुसता त्याच्याकडे बघत बसलाय."

मी म्हटलं, दाबा.

ती बर्नीस होती. औषधांच्या दुकानातून बाहेर पडली होती. गाड्यांचा दिवा पिवळा झाला की आमच्या गावात सगळेच पाऊल टाकतात, आपला हिरवा व्हायची वाट कोण बघतंय. तिनेही टाकलं. दोन दिवस ती हॉस्पिटलात होती, मग गेली. दफनाच्या दिवशी लॅडी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला. नंतर तळघरात सगळ्यांना हॅमचे सँडविच होते, अर्डिस वाढत होती. लॅडी खाली आला नाही. तो बाहेर गाडीत बसून राहिला.

विम्याची माणसं आली. ट्रेव्हरने त्यांच्यासमोर एक पान ठेवलं: ताशी तीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर वेग अठ्ठावीस, दिवा पिवळा, पादचारी वेळेआधी रस्त्यात. चालकाचा दोष नाही. पोलिसांचंही तेच मत पडलं. सगळे गेल्यावर ट्रेव्हर मला म्हणाला, "पाहिलंस? तू डब्याला शिव्या देत होतीस ना? त्यानेच वाचवलं म्हाताऱ्याला." त्याचे डोळे खरंच भरून आले होते, म्हणून मी ते पान नुसतं फायलीला लावलं.

एप्रिलमध्ये लॅडी कामावर आला. ट्रेव्हरने ट्रकची किल्ली त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"कोल्ड स्टोरेजमध्ये माणूस हवाय का?" लॅडीने विचारलं.

"अरे, तुझे गुण चांगले आहेत. मी तुला गाडीवरून काढूच शकत नाही."

"तू नको काढूस. मी उतरतोय."

किल्ली तिथेच राहिली. ट्रेव्हरने माझ्याकडे बघितलं, मी पडद्याकडे.

त्यानंतर तो रोज आमच्या आधी यायचा आणि त्या जाड दारामागे जायचा. मी दीड महिना तिकडे फिरकले नाही. काहीतरी कारण काढून दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचे. मे महिन्यात एकदा कुणीच नव्हतं, आणि चीजच्या खोक्यांचा आकडा हवा होता, म्हणून गेले. तो पाठमोरा होता, डोक्यावर लोकरीची टोपी. दार लागल्याचा आवाज झाला तरी वळला नाही.

"लॅडी," मी म्हटलं, "डब्याने काही सांगितलं नव्हतं. पिवळ्यावरून जा असं मी सांगितलं होतं."

"माहीत आहे. डबा कुठे बोलतो?" त्याने एका खोक्याला पट्टी लावली. मग म्हणाला, "ती दिसली होती मला. कडेला उभी होती, निळा कोट. दिवा पिवळा झाला आणि पाय आपणहून ब्रेकवर गेला. नेहमीसारखा. मग तू आठवलीस. तो रविवार आठवला. मी पाय उचलला."

"माहीत आहे," मी म्हटलं.

आता तो वळला.

डबा ब्रेकची प्रत्येक हालचाल लिहून ठेवतो. विम्याच्या माणसांना एक पान पुरलं, पण मी त्याच दुपारी सगळं उघडून बघितलं होतं, सेकंदासेकंदाचं. दिवा पिवळा झाल्यावर ब्रेक दाबलेला, अर्धा सेकंद. मग सोडलेला. मग काही नाही. मग ती लाल खूण.

"कुणाला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"कुणालाच नाही."

त्याने मान हलवली. "बर्नीसची मुलगी दर रविवारी अर्डिसला गाठते," तो म्हणाला. "म्हणते, लॅडीला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या हातात काहीच नव्हतं. काल घरी येऊन गेली. माझा हात हातात घेऊन तेच म्हणाली. तिला काय सांगू, मार्लीन?"

खोक्यांचा आकडा विचारायचा राहून गेला. माझी बोटं बधिर झाली होती, आणि ते त्याच्या लक्षात आलं असावं.

"जा तू," तो म्हणाला. "कोट न घालता आली आहेस."