केवळ विश्वासाने, आणि दोन टोपल्या बोंबील

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हा किस्सा सांगताना मला अजून राग येतो, आणि मध्ये कोणी हसलं की डोकं आणखी फिरतं. राग कोणाचा? तेव्हा वाटलं होतं एका माणसाचा, निघाला दुसऱ्याचाच. पण ते पुढे.

मी राहतो गोडदेवला, भाईंदर पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. आमच्या मराठी मंडळीचा पंच आहे. मंडळी म्हणजे आमचं प्रोटेस्टंट चर्च, आणि पंच म्हणजे कमिटीतला तो माणूस, जो खुर्च्या मांडतो, माइक बिघडला की ठोकून चालू करतो, आणि तरी पाळकसाहेबांची बोलणी खातो.

माझं एका गोष्टीवर ठाम मत आहे. माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, केवळ विश्वासाने होतं. देवाची कृपा ही देणगी आहे. ती कमवायची नसते, हात पुढे करून फक्त घ्यायची असते. हे मी तीस वर्षं सांगत आलोय, आणि ज्याला पटत नाही त्याला मोठ्या आवाजात सांगत आलोय.

आता अशा माणसाच्या पोटी करुणासारखी मुलगी. गुणी, शिकलेली, चांगल्या ऑफिसात नोकरी. आणि हिने पसंत कोणाला करावं? उत्तनच्या जॉयसनला. कोळ्यांचं घर, स्वतःची होडी, आणि पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक.

मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. पण त्यांच्यात विश्वासाबरोबर सत्कर्मं लागतात, कुमसार, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, लागतो, प्रायश्चित्त लागतं. मी म्हटलं, हे म्हणजे देणगी घेताना वर हमाली देण्यासारखं झालं. वर्षभर मी 'नाही' म्हणत राहिलो. शेवटी करुणा म्हणाली, "पप्पा, तुमच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. पण मग दुसऱ्या कोणाशीही करणार नाही." रडली नाही, ओरडली नाही. डबा उचलला आणि कामाला गेली. त्या दिवशी मी विरघळलो.

रविवारी उपासनेनंतर मुलाचे आईवडील आमच्याकडे बोलणी करायला येणार असं ठरलं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बायकोने, म्हणजे सुनंदाने, मला समोर बसवलं.

"अहो, रविवारी तारणाचा विषय काढायचा नाही. शपथ घ्या."

"आपल्यात शपथ घेत नाहीत."

"मग वचन द्या. आणि वाद घालू नका आत्ता."

दिलं वचन. आणि सांगतो, पाळलंही. रविवारी मी विषय काढलाच नाही. शनिवारी काढला.

झालं असं की आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांना सावध केलं. कोणी एक गृहस्थ गोडदेवमध्ये घरोघर फिरतोय. लोकांना सांगतोय की नुसत्या विश्वासाने काही होत नाही, तारण कमवावं लागतं. पत्रकं वाटतोय, वर स्वतःच्या संगतीत, म्हणजे प्रार्थनेच्या बैठकीत, बोलावतोय. आमची दोन कुटुंबं गेलीसुद्धा. वर्णन काय, तर साठीचा, पांढरा शर्ट, हातात पिशवी. आता हे वर्णन अर्ध्या भाईंदरला लागू पडतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला नको? पण मी इतका तापलो होतो की आठवडाभर आंघोळ करतानाही त्या माणसाला उत्तरं देत होतो. आमच्या वस्तीत येऊन आमची माणसं पळवतो म्हणजे काय?

शनिवारी सकाळी करुणा ऑफिसला गेली. सुनंदा पाहुण्यांसाठी नवे कप आणायला केबिन रोडला गेली. मी घरात एकटा, आणि सर्दीने नाक असं बंद की समोर फिनेल ठेवलं तरी कळणार नाही. हे नाकाचं लक्षात ठेवा.

बेल वाजली. दार उघडलं. साठीचा माणूस. पांढरा शर्ट. हातात पिशवी.

लिफ्ट तीन दिवस बंद होती. बिचारा चार मजले चढून धापा टाकत होता. 'बिचारा' हे मी आज म्हणतोय. तेव्हा मनात आलेला शब्द पंचाने उच्चारण्यासारखा नव्हता.

"वाईच बोलायचं व्हतं," तो म्हणाला. "उद्यापरयंत थांबवंना, म्हनून आजच आलो."

"मला माहीत आहे तुम्ही कशाला आलात."

"म्हाईत हाय?" त्याचा चेहरा उजळला. "मंग बरंच झालं."

निर्लज्जपणाची हद्द झाली, मी मनात म्हटलं. आत घेतलं, समोर बसवलं, पाणीही विचारलं नाही. "बाकी सगळं नंतर. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणसाचं तारण कशाने होतं?"

आता गंमत बघा. माझं बोलणं ऐकून हा माणूस दचकायला हवा होता. पण तो सरळ बसला, केसांवरून हात फिरवला, आणि तोंडी परीक्षेला बसल्यासारखा म्हणाला, "विश्वासानं. देवाच्या कृपेनं." मग हळूच पुढे जोडलं. "आन चांगल्या वागन्यानं."

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली.

"आलात ना शेवटी मुद्द्यावर? बायबलात पौलाने पत्रांतून एवढा कंठशोष करून काय सांगितलं? कृपा, विश्वास! तुमचं चांगलं वागणं मध्येच कुठून आलं?"

"पन त्याच पुस्तकात याकोबाचं बी पत्र हाय ना? त्यो इश्वासाला विचारतो, तुजं काम दाखव म्हनून."

"याकोब वेगळ्या लोकांना सांगतोय!"

"असंल. तुमी शिकलेले." तो नरमाईने म्हणाला. "पन शेवटच्या दिवशी प्रभू काय विचारनार? भुकेल्याला जेवाया दिलंस का, आजाऱ्याला बघाया गेलास का. पौलाचं पत्र पाठ हाय का, असं कुटं विचारनार हाय?"

हे मला लागलं, कारण ती पत्रं मला पाठ आहेत. मी उभा राहिलो. माझा हुकमाचा एक्का काढला. "वधस्तंभावरचा चोर! प्रभूच्या शेजारी टांगलेला. त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाला. त्याने कुठली सत्कर्मं केली होती? सांगा ना. हातपाय बांधलेल्या माणसाने काय केलं?"

त्याने विचार केला. "बाजूचा चोर प्रभूला शिव्या देत व्हता, त्याला ह्यानं गप केला. क्रूसावर टांगलेल्या मानसानं, त्या हालतीत. मला तर लय मोठं काम वाटतं."

तीस वर्षांत मला असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. आणि मला उत्तर सुचत नाही तेव्हा माझा आवाज चढतो. शेजारच्या शहाबाईंनी दार उघडून विचारलं, "भाईसाब, सब ठीक है ना?" मी म्हटलं, "धर्मचर्चा चल रही है." त्यांनी लगेच कडी लावून घेतली.

तो मला समजावत होता. "कृपा त्याचीच, मी नाय कुटं म्हनतो? दर्यातली मासळी त्यानंच दिली. पन होडीत तरी आपुन चढाया पायजे ना?"

आता तुम्ही म्हणाल, होडीचं नाव निघालं तरी तुझी ट्यूब पेटली नाही? नाही पेटली. रागावलेल्या माणसाला समोरच्याचं वाक्य ऐकू येत नाही, फक्त ते संपायची वाट बघतो तो.

"तारण ही देणगी आहे!" मी टेबलावर हात आपटला. "फुकट! देणारा प्रेमाने देतोय. घेणाऱ्याने फक्त हात पुढे करायचा! एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

तेवढ्यात त्याने पिशवी पुढे केली. "बरं, तुमचं खरं. ह्ये तेवढं ठेवा. प्रेमानं आनलंय."

"तुमच्याकडचं काहीएक नको मला!"

आणि दोन्ही हात मागे घेतले. हो, त्याच दमात.

त्यात त्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, याची पाण्याची बाटली पत्रकांवर सांडलीय. "आणि वर माझी लादी ओली करताय!" त्याने खिशातून रुमाल काढला, खाली वाकला, आणि गुडघ्यावर हात ठेवून ती लादी पुसली. साठीच्या माणसाने. मी उभा राहून बघत होतो.

दारात थांबून त्याने विचारलं, "मंग तुमचं नायच म्हना?"

"या घरातलं एकही माणूस तुमच्या नादी लागणार नाही. परत या दारात येऊ नका."

तो हळूहळू जिने उतरला. आणि मी काय केलं? चहा ठेवला. सत्याची बाजू राखल्याचा आनंद. पाळकसाहेबांना फोन करून सांगितलंसुद्धा की, त्या माणसाला असा हाकललाय, पुन्हा गोडदेवात पाऊल ठेवणार नाही.

अर्ध्या तासाने सुनंदा आली. एका हातात कप, दुसऱ्या हातात तीच पिशवी. "वॉचमनकडे कोणीतरी आपल्यासाठी ठेवून गेलं. म्हणे, खराब होईल, लवकर वर द्या." तिने ओट्यावर पिशवी उघडली. आत स्टीलचा डबा. डब्यात बर्फ, आणि बर्फात आठ पापलेटं, चकचकीत, हाताएवढी. नाक चालू असतं तर वासानेच कळलं असतं.

मी डब्याकडे बघतोय, ती माझ्याकडे बघतेय. तेवढ्यात करुणाचा फोन आला. सुनंदाने स्पीकरवर टाकला.

"मम्मी, जॉयसनचे बाबा आलेत का? पहाटे होडी लागली, ताजी मासळी उद्यापर्यंत कशी ठेवायची म्हणून आजच निघालेत. त्यांच्यात सोयरिकीच्या घरी पहिल्यांदा रिकाम्या हाताने जात नाहीत. आणि पप्पांना सांग, बाबा घाबरलेत. जॉयसनने त्यांना सांगून ठेवलंय, मुलीचे वडील धर्माबद्दल विचारतील, नीट उत्तर द्या."

सुनंदा म्हणाली, "ठेव, करते फोन." मग माझ्याकडे वळली. "काय केलंत?"

मी सांगितलं. सगळं. लादीचंही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वर्षभर माझी पोरगी तुमच्या 'हो'ची वाट बघत होती. आता संध्याकाळी ती घरी येईल. तेव्हा तुम्ही तिला सांगा, मी नाही सांगणार." आणि पापलेटं फ्रीजमध्ये ठेवून दार आपटलं.

मी चप्पल घातली आणि उत्तनची बस पकडली. बसमध्ये स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शेजारचा माणूस उठून मागे गेला. तीस वर्षं देणगी घ्या, देणगी घ्या म्हणून ओरडतोय, आणि देणगी दारात आली तर हात पाठीमागे!

बस्त्यावदादा, म्हणजे जॉयसनचे वडील, अंगणात जाळं शिवत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची दिली, पाणी आणलं. मी न विचारलेलं पाणी. मला वाटलं जमिनीत गडप व्हावं.

"दादा, चुकलो," मी म्हटलं. "मी तुम्हाला दुसराच माणूस समजलो. मला शिक्षा करा, पण पोरांना नको."

ते सुईत दोरा ओवत म्हणाले, "पंचसाहेब, आता मी इचारतो. माफी कशानं मिळती? तुमच्या मतानं देऊ, का माज्या?"

"माझ्या मताने." मी घाईघाईने म्हणालो. "लगेच आणि फुकट."

"मंग दिली." त्यांनी दोरा तोडला. "लगीन पक्कं. आता माज्या घरात बसलाय, तर थोडं माज्या मतानं बी." आणि बोंबलांची टोपली आणि कात्री माझ्यासमोर सरकवली. "एवढं साफ करा."

बसलो. अंगावरची पँट वर दुमडून, पाटावर. बोंबील असे सुळकन हातातून निसटतात की माणसाचा सगळा अभिमान निघून जातो. तासाभराने करुणा आली, जॉयसनने फोनवर सगळं सांगितल्यावर ऑफिसातून थेट, धावत, रडून डोळे सुजलेले. मला बघून दारातच थांबली.

"पप्पा, हे काय?"

"काय न्हाय," बस्त्यावदादा म्हणाले. "तुजे पप्पा सत्कर्म करतायत."

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मी तिथेच तोंड बंद ठेवायला हवं होतं ना? पण तत्त्वाचा प्रश्न होता. कात्री उगारून मी म्हणालो, "सत्कर्म अजिबात नाही! माफी मला आधीच मिळालीय, फुकट! हे मी माफी मिळवायला करत नाहीये. मिळाली म्हणून करतोय. आनंदाने, कृतज्ञतेपोटी!"

"असं?" बस्त्यावदादांनी आत आवाज दिला. "अगो, दुसरी टोपली बी आन बाहेर. पंचसाहेबांना लय आनंद झालाय."