भरल्या पोटी सोयरीक

रिठदच्या शालिग्रामनं बापाचं शेत धरलं, त्याहून घट्ट धरली बापाची एक गोष्ट. "पोटात भाकर नसन तं सौद्याले बसू नको, लेका. भुकेला मानूस लवकर हो म्हनते." बापानं बैलबाजारात उपाशीपोटी चांगली जोडी मातीमोल विकली होती, त्यातून आलेलं हे शहाणपण. शालिग्राम मतदानालाही भाकरी खाऊन निघतो. शहाणपण किती वाढलं देव जाणे, पोट मात्र वाढलं, हे तो स्वतःच थापटून दाखवतो.

पोरगी निकिता नर्सिंग शिकत होती. किन्हीराजाच्या पुंजाजीचा पोरगा तिलाही पसंत होता. तिचं म्हणणं एवढंच, शेवटचं वर्ष झाल्यावर लग्न.

"बाबा, सुपारी फुटायच्या आत बोलजा. एकदा फुटली का सोयरीक पक्की. मंग आपलं कोनी आयकत नाही."

"तू फिकर नको करू. बाप हाये ना."

एवढं महत्त्वाचं बोलायचं, म्हणून बाप घरून टम्म जेवून निघाला. मालेगावला गाडी बदलताना, धोका नको म्हणून आलूबोंडेही चेपले.

"अवो, लगन जमवाले चाल्लो का कुस्ती खेळाले?" बायको रुपाबाईनं विचारलं.

पुंजाजीकडे रोडग्यांचा बेत होता. गोवरीच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तुपाची धार, वरण, वांग्याची झणझणीत भाजी. सोयऱ्याच्या ताटाला नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. शालिग्रामनं अपमान होऊ दिला नाही. वाढणारे दमले.

मग पुरुषमंडळी बैठकीत बसली. शालिग्राम सोयाबीनच्या पोत्याला टेकला. जरा गप्पा रंगू द्या, मग विषय काढू, असा विचार त्यानं केला, आणि तो विचारच घोरायला लागला.

"अवो!" दारातून रुपाबाई ओरडली.

डोळे उघडून पाहतो तर सोबत आलेला त्याचा मेहुणा रामधन पाटावर सुपारी ठेवून, वर दगड उगारून बसलेला! शालिग्रामनं बोलायला तोंड उघडलं, तर आधी ढेकर आला. हात मात्र कामाचा निघाला. झडप घालून त्यानं सुपारी उचलली अन् तोंडात टाकली.



"दाजी, हे काय?" रामधनचा दगड तसाच वर.

"पोट्टीचं नर्सिंगचं एक वरीस राह्यलं," शालिग्राम सुपारी गालात दाबून बोलला. "ते झाल्याबिगर लगन नाही. मंजूर असन तं दुसरी सुपारी आना. ही मी देत नाही."

पुंजाजीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग हे जेवाच्या आधी काहून नाही सांगतलं?"

"उपाशीपोटी बोलत नसतो मी."

"अन् जेवल्यावर?"

"जेवल्यावर झोप लागली."

पुंजाजी हसला नाही. त्यानं पोराकडे पाहिलं. पोरगं मान खाली घालून म्हणालं, "थांबू ना, बाबा. शिकू द्या तिले. मले कुठी घाई हाये?"

पुंजाजीनं मिशीवरून हात फिरवला. मग आत वळून म्हणाला, "दुसरी सुपारी आना वं. लगन परीक्षा झाल्यावर, पन सुपारी आजच फुटन. अन् ह्या व्याह्याले जरा लांब बसवा."

परतीच्या गाडीत निकिताचा फोन आला. रुपाबाईनं उचलला.

"आई, बोलले का बाबा?"

"बोलले. आधी झोपले, मंग सुपारी खाल्ली, मंग बोलले."

"म्हंजे? झालं काय?"

"म्हंजे तू शिक."