ग्वानीनचा ग्वान कोण?

राजूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि स्नेहसंमेलनात नाटकं बसवतो. यातलं पगाराचं काम कोणतं आणि हौसेचं कोणतं, हे अजून कोणी विचारलेलं नाही. यंदा मी दोन्ही एकत्र केली आणि पेशीतल्या डीएनएचं नाटक लिहिलं.

नायिका अर्थातच डीएनएच्या चार घटकांपैकी एक, ग्वानीन. नववीतल्या एका मुलीला ही भूमिका दिली, कारण तिचा आवाज माईक बंद पडला तरी बाजारपेठेपर्यंत जातो. पहिल्याच तालमीत तिनं गर्जना केली, "मी ग्वानीन! माझ्या रेणूत दोन कड्या! हात देईन तर एका कडीच्या सायटोसीनलाच!"

सायटोसीन झालेला मुलगा कानापर्यंत लाल झाला. मी इतका खूश झालो, की दोघांच्या ओढणी-उपरण्याची गाठच मारून टाकली. अ‍ॅडेनीन आणि थायमीन यांच्यात दोन बंध असतात, या जोडीत तीन. दोन हातांचे दोन आणि तिसरा गाठीचा! स्वतःच्या कल्पनेला मी स्वतःच टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई शाळेत हजर. बाई बाजारात धरणाची मासळी विकतात. पाटी डोक्यावरच, आणि मागे मुलगी, डोळे डबडबलेले.

"सर, नाटकातून हिचं नाव काढा."

"का हो ताई?"

"घरी सारखी घोकती, मी ग्वानीन, मी ग्वानीन. पाटलाची पाटलीन, सुताराची सुतारीन. आता हा ग्वान कोन, ते सांगा! अन् भर गावात त्याच्याशी गाठ मारनार व्हय?"

मला हसू आवरेना. "ताई, तो नवरा नाही. ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांची शीट. त्यात हा पदार्थ पहिल्यांदा सापडला, म्हणून ग्वानीन."

"म्हंजे माझी लेक पाखराची शीट?"

मुलीनं डोक्याला हात लावला. आता मलाच सावरायला हवं होतं. मी पाटीतला एक मासा उचलून खिडकीतल्या उन्हात धरला. "ही चांदी बघा. हे ग्वानीनचेच बारीक स्फटिक. ती तुमच्या पाटीत आहे, तुमच्या लेकीच्या पेशीपेशीत आहे, माझ्याही. शरीरात मोडली की तिचं यूरिक आम्ल होतं. ते साठलं म्हणून तर माझ्या पायाचा अंगठा सुजतो."

"अस्सं! म्हनून आजकाल तुमी मासळी न्हेत न्हाई व्हय!"

राग जरा उतरला होता. पाटी खाली आली. "अन् ती सायटोसीन? तीबी बाईच की नावावरून."

"असं... म्हणता येईल."

"अ‍ॅडेनीन? थायमीन?"

"त्याही."

"चौघी बाया! मंग लगीन कशाला लावताय सर? फुगडी घाला की!"

खरंच की! डीएनए म्हणजे पीळ पडलेली शिडी. तिला लग्नापेक्षा फुगडीच शोभणार होती. सायटोसीनची भूमिका मुलीच्या मैत्रिणीला दिली, तिसऱ्या बंधाची गाठ तेवढी ठेवली. आधीचा सायटोसीन आनंदानं पडदा ओढायला गेला.

संमेलनात फुगड्या सुरू झाल्या. आमची ग्वानीन चंदेरी साडीत लखलखत होती. दोघींनी हात धरले, पहिली गिरकी घेतली, आणि माझ्या लक्षात आलं. गाठ मारायची राहिली होती! मी विंगेतून खुणा करतोय, पण गरगर फिरणाऱ्या पोरींना काय दिसणार?

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. लेकीचा आवाज कुठून आला, ते तेव्हा कळलं.

"अगं ए सायटोसीन! गाठ ऱ्हायली ना! दोन हातांवर ती अ‍ॅडेनीन फिरती, तू न्हाई!"

मंडप हसून लोटपोट. मुली थांबल्या, पदरांची गाठ करकचून आवळली आणि पुन्हा अशा फिरल्या, की टाळ्यांत माझं निवेदन वाहून गेलं.

बाई खाली बसल्या आणि शेजारणीला कोपर मारून म्हणाल्या, "ती चांदीवानी चमकती ना, ती ग्वानीन. माझी हाय."