पिराचा पंजा आणि पोलिसांचा दोर

बाप रे, काय तो दिवस! आजही सांगायला लागले की मला खुर्चीत बसवत नाही, उठून हातवारे करत सांगावं लागतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीच्या मुसलमान घरातली. साताऱ्याला पोलिसात भरती होऊन वर्षही झालं नव्हतं. अंगावर खाकी साडी, पायात बूट, आणि नोकरी अजून कच्ची. निघताना वडलांनी एकच बजावलं होतं, "कुणाला बोट दाखवायला जागा ठेवू नकोस." म्हणून मी गप्प. सणाची रजासुद्धा मागायची नाही, इतकी गप्प!

मोहरमचा बंदोबस्त लागला कराडकडच्या एका गावात. साहेब लांबून नवेच बदलून आलेले. माणूस सरळ, पण इकडची रीत ठाऊक नाही. त्यांनी हुकूम सोडला: मुसलमान मशिदीच्या अंगाला, हिंदू दोराच्या पलीकडं, मधे कुणी यायचं नाही. कागदावर अगदी झकास दिसत होतं.

दुपारी मिरवणुकीची वेळ झाली. हलगी तापवून तयार, ताबूत सजून उभा, आणि पिराचा पंजा, म्हणजे काठीवर बसवलेला तो धातूचा हात, काही उठेना. मशिदीपुढची सगळी मंडळी चक्क खाली बसली. साहेबांना वाटलं, यांनी धरणं धरलं. त्यांनी लाठ्या सरसावायला सांगितल्या.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, पंजा उचलणार कोण? आमच्या भागात कितीतरी गावांत तो मान मराठ्यांच्या एखाद्या घराकडं असतो. कुंडलजवळ माझ्या आजोळीही तेच. मी दोराकडं पळाले. पलीकडं एक म्हातारे शेतकरी हातात फुलांचा हार घेऊन उभे, रागानं लालबुंद.

"आवं बाई, तीन पिढ्या पीर आमच्याच हातात हाय! सकाळपास्नं उपाशी हाय मी. आन् तुमी ह्यो दोर बांधलाय. मी गेल्याबिगर ती मान्सं पंजाला हात लावायची न्हाईत."

म्हणजे बसलेली माणसं यांची वाट बघत होती! कसलं धरणं अन् कसलं काय!

पण हे साहेबांना सांगायचं कुणी? मी बोलले तर आमच्याबरोबरचा हवालदार म्हणणार, बघा, आपल्या लोकांची बाजू घेते. आणि दोर सुटल्यावर एक दगड जरी पडला असता तर माझी नोकरी गेलीच, वर पुढं कुठल्या मुसलमान पोरीला या खात्यात कुणी उभं केलं नसतं. समोर लाठ्या निघालेल्या, आणि मी मेली विचार करत उभी! मला माझाच संताप आला.

गेले आणि खाडकन सॅल्यूट ठोकला.

"साहेब, दोर सोडायला सांगा. पंजा त्या पलीकडच्या आजोबांनी उचलायचाय."

"हिंदूनं? तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी याच मुलखातली आहे साहेब. आणि मुसलमान आहे."

मागं हवालदार मुद्दाम खाकरला. साहेबांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी. लिहून घ्या."

त्यांनी खरंच वहीत लिहून माझी सही घेतली. मग दोर सुटला.

म्हातारबुवा तरातरा निघाले. बसलेली माणसं उठली, वाट झाली, आणि मशिदीतले एक दाढीवाले चाचा त्यांच्यावरच खेकसले, "लय उशीर केलास रं!" पंजा उठला, हलगी कडाडली! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ड्यूटीवर नसते तर मी नाचले असते, खरं सांगते. कुणीतरी साहेबांच्या हातात चोंगा, मोहरमची गोड पोळी, ठेवला. ते ती हातात धरून नुसते बघत राहिले.

परतताना त्यांनी मला जीपमध्ये बसवलं. आता खरडपट्टी निघणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. पुढं नव्या भरतीच्या पोरांना गावागावांच्या रीतीभाती शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण तेव्हा मला काय कल्पना!

उंब्रज मागं पडलं. मग साहेब रस्त्याकडं बघतच म्हणाले, "बाई, आज मी वाट बघणाऱ्या माणसांवर लाठ्या चालवणार होतो."

मग ते माझ्याकडं वळले.

"आणखी काय काय ठाऊक नाही मला? सांगा."

आणि मी जी बोलायला लागले, ती साताऱ्यात जीप थांबली तरी थांबले नाही.